बायोडेटातला ‘वर्ण’ आणि गॅबी ग्रेगचा फोटो



गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या बौद्ध वधू-वर मेळाव्याचे फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. फॉर्मच्या वरच्या बाजूला तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. खाली नाव, शिक्षण, नोकरी, उंची. त्याखाली दोन रकाने: वर्ण आणि बांधा. एम. कॉम. झालेल्या, नोकरी करणाऱ्या एका मुलीने सगळा फॉर्म स्वतःच्या हाताने भरला आणि ते दोन रकाने कोरे सोडले. शेजारी बसलेल्या तिच्या आईने पेन घेतलं आणि लिहिलं, ‘निमगोरी, मध्यम’. मुलगी सावळी होती, अंगाने जाड होती. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही, फॉर्म घेऊन फाईलला लावला.

हा लेख त्या दोन रकान्यांबद्दल आहे. पण त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे एका अमेरिकन फॅशन ब्लॉगरचं. ‘फॅशन’ हा शब्द वाचूनच काही कार्यकर्ते पुढे वाचायचं थांबवतील. अत्याचाराची प्रकरणं पडून आहेत आणि याला कपडे सुचतात, असंही म्हणतील. त्यांनी थोडा धीर धरावा.

गॅबी ग्रेग ही डेट्रॉइट भागात वाढलेली कृष्णवर्णीय स्त्री. 2008 साली ती कॉलेजातून बाहेर पडली तेव्हा अमेरिकेत मंदी होती. फॅशन पत्रकारितेत नोकरी मिळेना, म्हणून तिने स्वतःचा ब्लॉग काढला. नाव ठेवलं ‘यंग, फॅट अँड फॅब्युलस’. फॅट म्हणजे जाडी; शाळेत, बसमध्ये, नात्यात जो शब्द मुलींना रडवायला वापरतात तोच तिने पाटीवर लावला. ज्या शब्दाने आपल्याला हिणवलं जातं तोच उचलून कपाळावर घ्यायचा, ही रीत तिच्या समाजाला नवी नव्हती. ‘ब्लॅक’ या शब्दाचं त्यांनी 1960 च्या दशकात हेच केलं. त्यांच्याच ब्लॅक पँथरवरून 1972 साली मुंबईत आपली दलित पँथर उभी राहिली.

ब्लॉगवर ती करत काय होती? स्वतःचे फोटो टाकत होती. कपडा कुठून घेतला, कोणत्या मापाचा, अंगावर कसा बसतो, ते लिहीत होती. तेव्हा मोठ्या मापाचे कपडे म्हणजे बहुधा अंग झाकणारे, ढगळ, काळपट कपडे. जाड बाईने लपावं, हा त्यातला न लिहिलेला नियम. 2010 मध्ये एमटीव्हीच्या स्पर्धेत निवडून येऊन ती त्या वाहिनीची पहिली ‘ट्विटर जॉकी’ झाली. 2012 मध्ये तिने बिकिनीतले स्वतःचे फोटो टाकले. पाठोपाठ इतर जाड स्त्रियांचेही तसेच फोटो एकत्र प्रसिद्ध झाले आणि ‘फॅटकिनी’ हा शब्द रूढ झाला. 2013 पासून तिने एका कंपनीसोबत पोहण्याचे कपडे आणले आणि 2017 मध्ये एका मैत्रिणीबरोबर ‘प्रेमी’ नावाचा स्वतःचा ब्रँड काढला.

यात मला महत्त्वाची वाटते ती बिकिनी नव्हे, फोटो कोणी काढला आणि त्याखाली कोणी लिहिलं, ही गोष्ट. सारा बार्टमन या दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई स्त्रीला 1810 साली लंडनमध्ये तिच्या शरीराच्या ठेवणीमुळे पैसे घेऊन लोकांना दाखवलं गेलं. 1815 मध्ये ती पॅरिसमध्ये मेली, तरी प्रदर्शन संपलं नाही. तिचे अवशेष तिथल्या संग्रहालयात ठेवले गेले. ते मायदेशी परत यायला 2002 साल उजाडलं. काळ्या स्त्रीच्या देहाकडे पाहायचा, त्याला मापायचा, त्यावर शेरा मारायचा हक्क दुसऱ्यांकडे होता. गॅबीने तो शेरा स्वतः लिहायला घेतला.

आता आपल्याकडे येऊ. कपडे हा चळवळीचा विषय नाही, असं म्हणणाऱ्यांनी डिसेंबर 1927 चं महाड आठवावं. सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले आणि लुगडं कसं नेसावं, कथलाचे-चांदीचे ढीगभर दागिने का टाकावेत, हे त्यांनी सांगितलं. कारण त्या काळी लुगड्याच्या नेसणीवरून आणि दागिन्यांवरून बाईची जात लांबून ओळखता येत असे. बाबासाहेबांना ते ‘बायकी’ वाटलं नाही. तिथेच 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. त्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रं नेसावीत, असा नियम आहे. आणि तिसऱ्या अध्यायात लग्नासाठी मुलगी कशी निवडावी, याची यादी आहे: केस कसे, दात कसे, अवयव कसे, चाल कशी.

ही यादी आपल्या फॉर्मवर कशी आली? रंगाला मराठीत ‘वर्ण’ म्हणतात, हे मलाही कळतं. पण चातुर्वर्ण्य नाकारून 1956 साली धम्म स्वीकारलेल्या समाजाच्या फॉर्मवर, तथागतांच्या फोटोखाली ‘वर्ण’ हा रकाना असावा आणि आपल्यापैकी कोणालाच तो खटकू नये? मुलाच्या फॉर्मवरही तो आहे. पण मुलाचा फॉर्म पाहताना लोक आधी नोकरी पाहतात, मुलीचा पाहताना आधी वर्ण. जातीने ज्यांच्या अंगाला विटाळ म्हटलं, तेच आपण आपल्या मुलींच्या अंगाला गुण देत बसलो आहोत.

आरोग्याचा मुद्दा निघतो, तोही पाहू. वजनाने मधुमेह होत असेल तर ते डॉक्टरांनी तिला सांगावं. फॉर्मवरचा ‘बांधा’ मधुमेहासाठी विचारलेला नसतो.

गॅबीच्या वाटेची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. बाजार जाड बाईला मान देतो तो गिऱ्हाईक म्हणून. उद्या नफा घटला की तिच्या मापाचं कपाट पुन्हा रिकामं होईल. शिवाय ज्या मुलीकडे कपड्याला पैसे नाहीत, तिच्यापर्यंत हा मान पोहोचतच नाही. एकटीने फोटो टाकून हिंमत येते, नियम बदलायला संघटना लागते. गॅबीकडे ब्लॉग होता. आपल्याकडे समित्या आहेत, विहारं आहेत, मेळावे आहेत. नियम लिहिणारे आपणच आहोत, मग खोडायला कोणाची परवानगी हवी?

मेळाव्यानंतरच्या बैठकीत मी ते दोन्ही रकाने काढायचा ठराव मांडला. एक ज्येष्ठ काका म्हणाले, “अरे, मुलाकडचे विचारतातच. मग काय सांगायचं?” मी म्हटलं, “काका, सांगायचं की मुलीशी येऊन बोला.” दोन महिला कार्यकर्त्यांनी पाठिंबा दिला, बाकीचे गप्प राहिले. ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. मी तो पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी त्या मुलीला विचारून तिलाही बैठकीला बोलावणार आहे.

तुमच्या तालुक्यातल्या मेळाव्याचा फॉर्म एकदा काढून बघा. तो रकाना असेल तर पुढची छपाई व्हायच्या आत बोला.

जयभीम, नमो बुद्धाय.