वेदना, औषध आणि प्रमाण

दुकानाच्या गादीवर वर्षानुवर्षे बसलेल्या व्यापाऱ्याची कंबर आणि जिने चढून थकलेल्या गृहिणीचे गुडघे, ही बहुतेक घरांतील परिचित दुखणी होत. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. अशा वेदनेवर अफूवर्गीय, म्हणजे ओपिऑइड, औषधे द्यावीत काय, हा प्रश्न अमेरिकेने फार मोठी किंमत मोजून सोडविण्याचा प्रयत्न केला आहे. तो वृत्तांत प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावा असा आहे.

१९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अवघ्या पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. अशी औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांना व्यसन जडल्याचे त्यात नमूद होते. हे सारे रुग्ण रुग्णालयात दाखल झालेले होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी पत्रात अक्षरही नव्हते. तरीही पुढे शेकडो लेखांनी त्याचा दाखला दिला. १९९६ मध्ये ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही गोळी बाजारात आली आणि तिच्या विक्रीसाठी व्यसनाचा धोका कमी करून सांगितला गेला. २००७ मध्ये निर्मात्या उद्योगसमूहातील कंपनीने न्यायालयात हा गुन्हा कबूल केला. खोट्या मापाने विकलेल्या मालाची भरपाई पैशांत होते; येथे मात्र माणसे गेली.

मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, १२ शिफारशी जाहीर केल्या. दीर्घकालीन वेदनेवर प्रथम व्यायाम, भौतिकोपचार आणि अन्य वर्गातील औषधे वापरावीत. ओपिऑइड द्यावयाचेच झाल्यास अल्पतम मात्रेने आरंभ करावा. दिवसाला ५० मिलिग्रॅम मॉर्फिनइतकी मात्रा झाल्यास विशेष सावध राहावे आणि ९० च्या पुढे शक्यतो जाऊ नये, असा त्यांचा आशय होता. कर्करोगाचे उपचार व अंतिम काळातील शुश्रूषा यांना त्या लागू नव्हत्या.

परंतु सल्ल्याचा कायदा झाला. विमा कंपन्या, औषधविक्रेते आणि काही राज्ये यांनी ते आकडे लक्ष्मणरेषा मानले. वर्षानुवर्षे स्थिर मात्रेवर असलेल्या रुग्णांची औषधे अकस्मात तोडली गेली. त्यांच्या वाट्याला असह्य वेदना आणि नैराश्य आले. २०१९ मध्ये मूळ लेखकांनाच या गैरवापराविषयी जाहीरपणे लिहावे लागले. नोव्हेंबर २०२२ च्या सुधारित मार्गदर्शनात आकड्यांच्या मर्यादा मुख्य शिफारशींतून वगळण्यात आल्या. दीर्घकाळ औषध घेणाऱ्याची मात्रा कमी करावयाची असल्यास ती रुग्णाच्या संमतीने, महिन्याला सुमारे १० टक्के किंवा त्याहूनही मंद गतीने करावी, असे त्यात सांगितले आहे.

दरम्यान २०१८ मध्ये २४० माजी सैनिकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठदुखी व सांधेदुखीने त्रस्त या रुग्णांना वर्षभर औषधे देण्यात आली. ओपिऑइड घेणाऱ्यांची हालचाल इतरांपेक्षा अधिक सुधारली नाही. दुष्परिणाम मात्र अधिक आढळले.

भारतातही हा विषय दूरचा नाही. पाठदुखीवर सर्रास दिले जाणारे ट्रामाडॉल हे ओपिऑइडच असून एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. म्हणून काही नियम घरात पाळावेत. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी स्वतः घेऊ नये. झोपेच्या गोळ्या किंवा मद्य यांच्यासह ओपिऑइड घेऊ नये. श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. उरलेल्या गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. औषध सुरू करतानाच ते किती दिवस घ्यावयाचे आणि कसे थांबवावयाचे, हे डॉक्टरांना विचारावे.

त्याचबरोबर कर्करोगाने तळमळणाऱ्या वृद्धास व्यसनाच्या भयाने मॉर्फिन नाकारणे, हीही क्रूरताच होय. औषधाची उधळपट्टी आणि औषधाची कंजुषी, दोन्हींचा भार अखेर रुग्णाच्याच देहावर पडतो.