गुडघा दुखतो म्हणून अंथरूण कशाला धरायचं?

बंगळुरूच्या जयनगरात पहाटे पळणाऱ्यांना तोटा नाही. २४० एकरांची लालबाग हाकेच्या अंतरावर, जयनगर जॅग्वार्ससारखा नावाजलेला धावपटूंचा क्लब घरचाच, आणि २००८पासून शहरात दहा किलोमीटरची मोठी शर्यत. तेव्हा गुडघा धरून बसणाऱ्यांनाही तोटा नसणारच. त्यांना पहिला सल्ला मिळतो तो बहुधा घरच्यांचा: आता महिनाभर आराम कर. सल्ला प्रेमाचा असला तरी अर्धाच आहे. पळणं थांबवावं, हे खरं. पण त्याबरोबर सगळीच हालचाल थांबवली तर गुडघ्याचा फायदा होत नाही आणि उरलेल्या शरीराचं नुकसान मात्र होतं.

हे नुकसान १९८४ साली संशोधक कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसलेल्या खेळाडूंचा सराव थांबवून मोजलं. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांतच सात टक्क्यांनी घसरली आणि बारा आठवड्यांत सोळा टक्क्यांनी. उलट, खोल पाण्यात, पाय तळाला न टेकवता पळण्याची हालचाल करणाऱ्या धावपटूंची क्षमता सहा आठवडे टिकून राहिल्याचं १९९६च्या एका अभ्यासात दिसलं. आता गुडघ्याचं पाहा. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, दाबला जातो आणि सुटतो, तेव्हाच तिला पोषण मिळतं. गुडघ्याच्या वाटीभोवतीच्या दुखण्यावर तर मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम हाच आज मुख्य उपचार आहे. पाठीवर निजून एक गुडघा दुमडायचा, दुसरा पाय ताठ ठेवून फूटभर उचलायचा आणि सावकाश खाली आणायचा. एवढ्यापासून सुरुवात होते. दुखापतीवर बर्फ आणि विश्रांतीचं सूत्र १९७८ साली रूढ करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे कबूल केलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे बरं होणं लांबू शकतं.

यावर पहिला आक्षेप येतो: दुखत असताना हलवलं तर आतलं आणखी बिघडेल. काही गुडघ्यांच्या बाबतीत तो रास्तच आहे. गुडघा एकाएकी सुजला, अडकला, चालताना दगा देऊ लागला किंवा पायावर भार टाकता येईना, तर व्यायाम राहू द्या आणि आधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. संजय गांधी अस्थिरुग्णालय जयनगरातच आहे. पण पळणाऱ्यांची बरीचशी दुखणी अचानक उद्भवत नाहीत, अंतर घाईने वाढवल्याने हळूहळू साचतात. तिथे सोसवेल इतकं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवणारं दुखणं चालतं. सकाळी वाढलेलं दिसलं तर मात्रा कमी करायची. लालबागेतल्या खडकावरून उतरणं मात्र टाळा. उतारावर वाटीवर येणारा ताण चढणीपेक्षा जास्त जाचतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तरणतलाव आणि जिम सगळ्यांना परवडत नाहीत, हे मान्य. सायकल मात्र पुष्कळांच्या घरी असते. तिची सीट पुरेशी उंच हवी, पेडल तळाला असताना गुडघा जेमतेम वाकलेला. सीट खाली असली की वाटी कुरकुरते. पण ती चालवायची कुठे? जयनगरात २०१२ साली सायकलींसाठी खास मार्गिका आखल्या गेल्या आणि लवकरच तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या. लोकांनी तंदुरुस्त राहावं म्हणून भाषणं ठोकणाऱ्या पालिकांनी आधी अशा मार्गिका मोकळ्या कराव्यात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पोहून, सायकल मारून दम टिकवलेला धावपटू बरं वाटताच पूर्वीच्या वेगाने सुटतो आणि पुन्हा जायबंदी होतो, कारण हृदय तयार असलं तरी गुडघ्याला धक्के सोसायची सवय राहिलेली नसते. धोका खरा आहे. पण त्याचं उत्तर दम घालवून बसणं हे नव्हे. परतताना चालणं आणि पळणं आलटून पालटून करावं, आणि अंतर वाढवायचं की नाही हे श्वासाला न विचारता दुसऱ्या सकाळच्या गुडघ्याला विचारावं. तेव्हा डॉक्टर ‘पळू नका’ म्हणाले, तर उठण्याआधी त्यांना एवढं विचाराच: मग रोज काय करू, आणि किती?