रामवाडीच्या पुढची वाट

२९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीत बसून महाराष्ट्रातील अनेक कामांची उद्घाटने एकाच समारंभात उरकली. पुणे मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा त्यांत होता आणि सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळही त्यांतच होता. या दोन ठिकाणांच्या दरम्यान, पुणे-सोलापूर महामार्गावर, माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव वसलेले आहे. तेव्हा त्या दिवशी सर्वाधिक लाभ कोणाच्या पदरी पडायला हवा होता, तर तो मोडनिंबसारख्या गावातील माणसाच्या. एका हाताला सोलापूरचे विमान, दुसऱ्या हाताला पुण्याची मेट्रो! प्रत्यक्षात त्याच्या पदरी काय पडले, हे मात्र त्याच्याबरोबर एकदा विमानतळापर्यंत चालत गेल्यावाचून कळायचे नाही.

समजा, मोडनिंबच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलगा परमुलखात नोकरीला निघाला आहे आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून त्याचे विमान पहाटे सुटणार आहे. घरचे निरोप द्यायला येणारच. आई आली, पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबाही हट्टाने आले. एस. टी.ने ही मंडळी स्वारगेटला पोचतात. इथवर शासनाला त्यांची आठवण असते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील वृद्धांना एस. टी.चा प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. रात्र काढण्यापुरती स्वारगेटच्या आसपासच्या एखाद्या लॉजमध्ये खोली घेतली जाते. खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. विमानतळ जेमतेम दहा-बारा किलोमीटरांवर आणि जायचे कसे, हे सांगणारा कोणी नाही.

मेट्रो आहे की, असे कोणी म्हणेल. स्वारगेटला बसावे, जिल्हा न्यायालयाच्या स्थानकात गाडी बदलावी आणि रामवाडीला उतरावे. रामवाडीपर्यंतचा हा मार्ग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. पण मेट्रोची पहिली गाडी सकाळी सहाला निघते आणि पहाटेचे विमान तोवर आकाशात गेलेले असते. शिवाय रामवाडी म्हणजे विमानतळ नव्हे. तेथून पुढचे काही किलोमीटर बसची वाट पाहायची, नाहीतर रिक्षावाल्याशी घासाघीस करायची. लॉजच्या गल्ल्यावर बसलेला माणूस म्हणून सरळ सांगतो, "गाडी बोलवा." रात्रीच्या रिक्षाला जे मोजावे लागतात, त्यापेक्षा कमी पैशांत त्या आईने जवळजवळ दोनशे किलोमीटरांचा प्रवास केलेला असतो. मुलगा एकटाच रिक्षात बसतो. ज्या निरोपासाठी आजोबा एवढ्या लांब आले, तो लॉजच्या पायरीवरच उरकतो.

हे उदाहरण कल्पित असले, तरी त्यातील गैरसोय कल्पित नाही. शिवाय ती निव्वळ अनवधानाने घडलेली नाही, हे ध्यानी घेतले पाहिजे. लोहगावला खासगी मोटारींसाठी बहुमजली वाहनतळ २०२२ मध्येच उभा राहिला. नवी प्रवासी इमारत जुलै २०२४ पासून वापरात आली. आणि जून २०२५ मध्ये केंद्राने मेट्रोच्या ज्या विस्ताराला मंजुरी दिली, तो रामवाडीहून नगर रस्त्याने वाघोलीकडे जातो. विमानतळाकडे वळत नाही. वाघोलीच्या लोकांना मेट्रो मिळू नये असे कोणीही म्हणणार नाही, त्यांना ती हवीच आहे. परंतु हा क्रम पाहिला म्हणजे विमानतळावर येणारा माणूस मोटारीतूनच येणार, हे नियोजनकर्त्यांनी मनाशी किती पक्के धरले आहे ते दिसते.

हे गृहीतक मुळातच खोटे आहे. विमानतळावर विमानात बसणारेच तेवढे येत नाहीत. तेथे सामान चढवणारे हमाल आहेत, फरशी पुसणाऱ्या बाया आहेत, पाळीवर उभे राहणारे पहारेकरी आहेत, उपाहारगृहात कपबश्या विसळणारी मुले आहेत. शहरातील हॉटेलांचीही हीच कथा. पाहुण्याला विमानतळावर सोडायला हॉटेलची गाडी असते; त्याची बॅग त्या गाडीत ठेवणारा पोऱ्या रात्रपाळी संपवून बसथांब्याकडे चालू लागतो. कोणती बस कुठे जाते आणि किती उशिरा येते, हे त्या हॉटेलात खात्रीने ठाऊक असते ते त्यालाच, आणि पाहुणा त्यालाच ते कधी विचारत नाही. विमान ही चैन असेल-नसेल, त्यावर वाद घालता येईल. विमानतळाची बस ही मात्र चैन नव्हे.

'उडान' योजनेतील पहिले विमान एप्रिल २०१७ मध्ये सिमल्याहून उडाले, तेव्हा हवाई चप्पल घालणारा माणूसही विमानात बसेल, असे अभिवचन देण्यात आले. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादाही ठरली. चप्पल घालणारा माणूस घरून विमानापर्यंत कशाने येतो, एवढेच त्या योजनेने विचारले नाही.

खासगीकरणाचे भक्त यावर म्हणतील की, ही सेवा बाजारावर सोडा. दिल्लीत हा प्रयोग झालेला आहे. तेथील विमानतळ मेट्रो फेब्रुवारी २०११ मध्ये खासगी कंपनीकडून चालू झाली, भाडे चढे ठेवले गेले, प्रवासी अपेक्षेप्रमाणे आले नाहीत, आणि २०१३ मध्ये कंपनीने अंग काढून घेतले. पुढे ती गाडी सार्वजनिक दिल्ली मेट्रोने चालवली, भाडे उतरवले आणि प्रवासी वाढले. मुंबईत शांताक्रूझला नागरी विमाने उतरू लागल्यानंतर पाऊणशे वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मेट्रो थेट विमानतळाच्या दारी गेली. पुढच्याच वर्षी ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जोडली गेली. आता कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चढलेला माणूस बोरीबंदरला उतरून भुयारी गाडीने विमानतळ गाठू शकतो. म्हणजे हे करता येते. फक्त त्याला पाऊण शतक लागू नये.

मोडनिंबला तर याहून जुना दाखला घरचाच आहे. कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या बार्शी लाइट रेल्वेने १९०६ मध्ये कुर्डुवाडीपासून पंढरपूरपर्यंत अडीच फुटी रूळ नेले. मोडनिंबचे स्थानक याच मार्गावरचे. ती कंपनी नफ्यासाठी आलेली होती, वारकऱ्यांविषयी तिला जिव्हाळा असण्याचे कारण नव्हते. तरी माणसे कुठे जायला निघाली आहेत हे पाहून तिने रूळ टाकले. १९५४ मध्ये ती रेल्वे राष्ट्राच्या मालकीची झाली, पुढे रूळ रुंदही झाले. लोकांच्या राज्याने निदान त्या कंपनीइतके तरी पाहावे.

आता सोलापूरकडे वळू. होटगी रस्त्याच्या विमानतळासाठी या शहराने काय किंमत मोजली, हे सर्वश्रुत आहे. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याचे धुराडे उड्डाणाला अडथळा ठरते म्हणून सभासद शेतकऱ्यांचा विरोध असतानाही १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आले. जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले, ऑक्टोबरमध्ये मुंबईचे. मुंबईच्या विमानासाठी, आसने रिकामी गेली तरी कंपनीला तोटा येऊ नये म्हणून, राज्याच्या तिजोरीतून तूट भरून देण्याचे ठरले. आणि याच शहराची परिवहन सेवा मोडकळीस आली! नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून आलेल्या बसगाड्यांच्या सांगाड्यांना तडे गेले व त्या आगारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांची तूट भरून काढण्याची घाई मंत्रालयात कोणाला झाली नाही. विमानाच्या रिकाम्या खुर्चीला अनुदान मिळते. भरलेल्या बसला मात्र तोट्यातली म्हणून हिणवले जाते.

तेव्हा मागणी साधी आहे. तूट भरण्याचा जो करार विमान कंपनीशी होतो, त्यातच त्या विमानाला जोडलेल्या बसची तरतूद असली पाहिजे. सोलापूरच्या रेल्वे स्थानकावरून व एस. टी. स्थानकावरून प्रत्येक विमानाच्या वेळेआधी एक बस होटगी रस्त्याला निघावी, विमान उतरल्यावर एक परत यावी, आणि विमानाला उशीर झाला तर तिने थांबावे. तिला नेहमीचेच भाडे असावे, सामान ठेवायला जागा असावी, आणि तिचे वेळापत्रक मोडनिंब, टेंभुर्णी, मोहोळच्या एस. टी. थांब्यांवर ठळक अक्षरांत लागावे. पुण्यात स्वारगेटहून लोहगावला रात्रभर तासातासाला बस धावावी. पहाटे चारची गाडी पाळीवर जाणाऱ्या कामगारांच्या सोयीने निघावी, आणि विमानाच्या प्रवाशांनी त्याच गाडीत बसावे.