वसुलीचा परीक्षक कोण? नेवासा, १८७९ आणि कागदामागचा माणूस

१/ कर्जवसुली हा आज स्वतंत्र उद्योग आहे आणि त्याचेही पुरस्कार असतात. ब्रिटनसारख्या देशांत तज्ज्ञ परीक्षकांचे मंडळ सर्वोत्तम वसुली संस्था निवडते. आपल्याकडे ‘शून्य टक्के निव्वळ एनपीए’ अभिमानाने फलकावर झळकतो. पण वसुली ‘उत्तम’ झाली, हे ठरवायचे कोणी? नगर जिल्ह्याच्या इतिहासात याचे एक विचार करण्याजोगे उत्तर आहे. #थ्रेड

२/ नेवासा म्हटले की ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब आठवतो. (हा ‘पैस’ विस्ताराचा, पैशाचा नव्हे.) परंतु पैशाच्या इतिहासातही हा तालुका येतो. कर्जाच्या दाव्यांचा न्याय वेगळ्या रीतीने करण्याचा मोठा प्रयोग १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत सुरू झाला. नेवासा त्यांपैकी अहमदनगर जिल्ह्यातला.

३/ आधी थोडे मागे जाऊ. पेशवाईत वसुलीचे साधन होते ‘तगादा’. साध्या विनवणीपासून ऋणकोच्या दारात धरणे धरण्यापर्यंत त्याच्या अनेक पायऱ्या होत्या. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात त्यांचे वर्णन केले आहे. वाद वाढला की पंचायत बसे. ती संथ असे, तिच्यावर वजनही पडे; पण पंचांना धनको आणि ऋणको दोघेही ठाऊक असत. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा संकेतही होता.

४/ इंग्रजी दिवाणी न्यायालयाने पंचांच्या जागी कागद आणला. रोख्यावर अंगठा आहे ना? मग रक्कम देणे आहे. ती वाढली कशी, हे विचारणे न्यायाधीशाचे काम उरले नाही. बहुसंख्य कुळे न्यायालयात हजरच होत नसत, आणि एकतर्फी हुकूमनामे होत.

५/ १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या हिताचा होता. घडले उलटे: मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज नव्या मुद्दलात जाई. अमेरिकेतील यादवी संपल्यावर, १८६५ नंतर, कापसाचे भाव कोसळले. त्यातच सारा वाढला. कर्जाचा डोंगर झाला.

६/ १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातील सुपे. बाजारच्या दिवशी जमाव सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेला. हे लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत भागांत पोहोचले. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की जीवघेणी हिंसा फार थोडी झाली. जमावाला हवे होते ते रोखे आणि हुकूमनामे. ते मिळाले की जाळले जात. न्यायालय ज्या एका साक्षीदारावर विश्वास ठेवत होते, तोच त्यांनी नष्ट केला.

७/ सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यातून पुढे १८७९ चा ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ आला. त्याच्या कलम १२ आणि १३ चा आशय असा: न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जावे, व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा. मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत. मुद्दलात मिसळलेले व्याज मुद्दल मानू नये. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणेही बंद झाले.

८/ दाव्यापूर्वी ‘कन्सिलिएटर’ म्हणजे सलोखा घडवणाऱ्या स्थानिक गृहस्थापुढे जाणे आवश्यक ठरले. वर देखरेखीला खास न्यायाधीश होता. १८८७ पासून १८९३ मध्ये उच्च न्यायालयावर जाईपर्यंत हे पद न्या. महादेव गोविंद रानडे यांच्याकडे होते. शेती, सारा आणि पतपुरवठा यांवर अखंड लिहिणारा अर्थचिंतक कर्जाच्या निवाड्यांवर देखरेख करीत होता. तज्ज्ञ परीक्षक हा शब्द मला येथे सार्थ वाटतो.

९/ या कायद्याचे गुणगान करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. सावकारांनी पळवाटा शोधल्या. गहाणखताऐवजी नावापुरते खरेदीखत करून घेण्याची रीत वाढली. कन्सिलिएटर सगळेच निःपक्ष नव्हते. कायद्याने कुळाची पत घटली, ही तक्रारही निराधार नव्हती. १८९१-९२ मध्ये या साऱ्याची पुन्हा चौकशी करावी लागली.

१०/ तरीही त्याने घालून दिलेले तत्त्व मोलाचे आहे: कर्जाच्या बाबतीत न्याय करणाऱ्याला केवळ आकडा पाहून चालत नाही, तो आकडा कसा झाला, हे पाहणे त्याचे कर्तव्य आहे. वसुलीची टक्केवारी हा फक्त आकडा आहे. ऋणकोची बाजू न ऐकता दिलेला पुरस्कार माझ्या मते एकतर्फी हुकूमनामाच होय.

११/ इंग्रजीतील ‘अवॉर्ड’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: पुरस्कार आणि लवादाचा निवाडा. दुसऱ्या अर्थात दोन्ही पक्ष ऐकणे गृहीत आहे, पहिल्यात नाही. वसुलीच्या पुरस्कारात हे दोन्ही अर्थ एकत्र यावेत, एवढेच माझे म्हणणे. परीक्षक मंडळावर बँकर आणि वकील जरूर असावेत. त्यांच्या शेजारी कर्जदारांना सल्ला देणारा कोणी आहे का, हेही विचारावे.

१२/ वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेला २०२२ मध्ये सांगावे लागले. म्हणजे तगादा अजून जिवंत आहे. दारातला खिशात आला, इतकेच. आता नेवाशाच्या ऊसपट्ट्यात किंवा पुण्याच्या उपनगरात कोणी ‘उत्कृष्ट वसुली’चे मानचिन्ह मिरवताना दिसला, तर अभिनंदन जरूर करा. मग एवढे विचारा: परीक्षकांनी रोख्याच्या मागे पाहिले होते का?