पुरात चांदीचं नाणं सुट्टं कोण करून देणार?

मृग लागला की आपल्याकडं दोन गोष्टी उगवतात. रानात तण आणि व्हॉट्सअॅपवर तज्ज्ञ. यंदाचा मेसेज तुम्हालाही आला असेल. संकटात नोटांचा कागद होतो म्हणे. म्हणून रोकड ठेवू नका; चांदीची नाणी, दारूच्या बाटल्या, सिगारेटची पाकिटं, तेलाचे डबे साठवा, वेळ आली की वस्तूच्या बदल्यात वस्तू मिळेल. चांगली शिकलेली माणसं हे पुढं ढकलतायत, म्हणून लिहावं लागतंय.

मी कृष्णाकाठी वीस वर्षं बातमीदारी करतोय. 2019 चा पूर पाहिला, 2021 चाही पाहिला. स्पष्ट सांगतो, हा सल्ला सिनेमातल्या जगबुडीसाठी ठीक आहे. आपल्याकडं जगबुडी येत नाही, पूर येतो. आठ-दहा दिवस हाल करतो आणि उतरतो. त्या दिवसांतही दुकानदार नोट घेतो, कारण पाणी उतरल्यावर ती चालणार हे त्याला ठाऊक असतं.

ऑगस्ट 2019 आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांवर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ बंद पडला. वीज गेली, मागोमाग मोबाइलची रेंज गेली, एटीएम बंद. खात्यात लाख रुपये असलेला माणूस दुधाच्या पिशवीसाठी हात हलवत परत जात होता. ज्याच्याकडं पाचशेची नोट होती, त्यालाही सुट्टे नाहीत म्हणून परत पाठवत होते. दारूची बाटली देऊन तांदूळ नेणारा मात्र मला एकही दिसला नाही.

आणि साठवलेल्या मालाचं काय झालं? गव्हाच्या पोत्यांना कोंब फुटले, वास सुटला, सगळं उकिरड्यावर गेलं. नोट भिजली तर वाळवता येते. फाटली तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत असेल तर बँकेत बदलून मिळते. भिजलेला गहू कुठली बँक बदलून देते?

आता कुणीतरी म्हणणारच, “नोटबंदी विसरलात का?” नाही विसरलो. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 च्या नोटा गेल्या. लगेच 14 तारखेला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायची बंदी झाली आणि शेतकऱ्याची कोंडी झाली. पण शंभराची, पन्नासची, वीसची नोट गेली नव्हती. त्या महिन्यात शंभराची नोट राजा होती. म्हणजे धडा काय? मोठ्या नोटांची थप्पी गादीखाली ठेवू नका. छोट्या नोटा ठेवा.

जुनी माणसं म्हणतील, बहात्तरच्या दुष्काळात पैसा होता पण धान्य नव्हतं, मिलो खाऊन दिवस काढले. खरं आहे. म्हणून पंधरा दिवसांचं तांदूळ, डाळ, मीठ, तेल घरात उंचावर ठेवाच. पण ते खायला. अडलेल्याशी सौदा करायला नव्हे.

माझा खरा राग या सौद्यावर आहे. वस्तूच्या बदल्यात वस्तू हे ऐकायला गोड वाटतं, पण त्यात भाव कोण ठरवतो? ज्याला घाई नसते तो. दुष्काळात दावणीची जनावरं मातीमोल जातात ती याच हिशेबानं. लेकरू उपाशी असलेली बाई शेळी देऊन तांदूळ घेताना घासाघीस कशी करणार? बलुत्याचे गोडवे गाणाऱ्यांनीही आठवावं, वर्षभर राबायचं आणि सुगीला खळ्यावर पदरात पडेल ते घ्यायचं. किती टाकायचं ते मालकाच्या मर्जीवर. नोटेवर आकडा छापलेला असतो. गरिबाला तेवढाच आधार.

पण रोजंदारीवर जगणाऱ्यानं ही रोकड आणायची कुठून? इथं घरचा सल्ला संपतो आणि गावाचं काम सुरू होतं. बचत गटांनी पावसाआधी ठराव करून प्रत्येक सभासदाला गटाच्या बचतीतून हजार रुपये छोट्या नोटांत उसने द्यावेत, दिवाळीनंतर फेडून घ्यावेत. प्रशासनानं मान्सूनपूर्व बैठकीत बोटी मोजल्या तसे एटीएमही मोजावेत. पूररेषेच्या वर किती? जनरेटर कुठल्या शाखेत आहे? छोट्या नोटा आधी भरून ठेवणार का? मी हा प्रश्न एका बैठकीत विचारला होता. उत्तर मिळालं, “आता सगळं ऑनलाइन आहे.” साहेब, टॉवर पाण्यात गेल्यावर कसलं ऑनलाइन?

तर मंडळी, या आठवड्यात एवढं करा. जमेल तसे दोन-तीन हजार रुपये दहा, वीस, पन्नास, शंभराच्या नोटांत काढा. रेशन कार्ड, आधार आणि पासबुकाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा. ती पिशवी कुठं आहे हे घरातल्या बाईमाणसालाही माहीत असू द्या. आणि किराणावाल्याची जुनी उधारी आधी फेडा. पुरात एटीएम बंद पडतं, त्याची वही चालू राहते; पण ती नीट वागलेल्यासाठीच.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली खुशाल भांडा, फक्त त्याआधी घरातले सुट्टे मोजून या.