इंग्लंडातलं गाव सुरक्षित आहे, पण कुणासाठी?

इंग्लंडमधल्या खेड्यांबद्दल आपल्याकडे दोन खोट्या गोष्टी फिरतात, आणि दोन्ही लोक मोठ्या आवडीनं पुढे ढकलतात. पहिली व्हॉट्सॲपवर येते. हिरवं कुरण, दगडी चर्च, मागे उदास संगीत आणि खाली मजकूर : इथे कधी दाराला कुलूप नव्हतं, मग 'ते' आले, आता बायका संध्याकाळी बाहेर पडत नाहीत. 'ते' म्हणजे कोण, हे वेगळं सांगावं लागत नाही. दुसरी गोष्ट आपल्याच मोहल्ल्यात चहाच्या टपरीवर ऐकू येते : गोऱ्यांचं खेडं म्हणजे जन्नत, तिथे चोरी नाही, छेडछाड नाही, पोलीस हाक मारताच हजर. पहिली गोष्ट सांगणाऱ्याला आपली बदनामी करायची असते. दुसरी सांगणाऱ्याला इथल्या सगळ्याला नावं ठेवायची असतात. त्या खेड्यात प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसाशी दोघांनाही काही देणंघेणं नसतं.

मला देणंघेणं आहे. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी नर्सिंग करून इंग्लंडला निघाली आहे. तिच्यापुढे दोन जागा आहेत. एक बर्मिंगहॅममध्ये, दुसरी पूर्वेकडच्या एका लहानशा खेड्यातल्या वृद्धाश्रमात. वडील म्हणतात, "मॅडम, खेडंच बरं, शहरात सुऱ्या चालतात." मामू म्हणतात, कुठेच नको, आणि तोच व्हिडिओ दाखवतात. मुलगी बिचारी गप्प. तिला विचारलं कुणी नाही.

आता आकड्यांचं बघू. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून पोलिसांचं एक सार्वजनिक संकेतस्थळ आहे. गावाचा पिनकोड टाकला की कुठल्या महिन्यात काय घडलं ते नकाशावर दिसतं. लहान गावाचा नकाशा उघडला तर बहुतेक महिन्यांत दोन-चार ठिपके, कधी एकही नाही. एकूणात पाहिलं तर शहरांपेक्षा ग्रामीण इंग्लंडात लोकसंख्येच्या मानानं गुन्हे कमी नोंदले जातात. हे खरं आहे आणि ते मान्य करायला कुणाची हरकत नसावी. सहा कोटींच्या या मुलुखात वर्षाला सहाशेपेक्षा कमी खून होतात. व्हिडिओवाल्यांनी हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा.

पण नकाशा वाचायलाही शिकावं लागतं. त्यातला ठिपका नेमक्या घरावर नसतो. कुणाची ओळख उघड होऊ नये म्हणून तो जवळच्या एखाद्या ठरवून दिलेल्या जागेवर सरकवलेला असतो. 'हिंसा आणि लैंगिक गुन्हे' हा एकच रकाना आहे. धमकीच्या मेसेजपासून बलात्कारापर्यंत सगळं त्यात येतं. चारशे वस्तीच्या गावात एका वर्षी मारामारीच्या दोन नोंदी झाल्या आणि पुढच्या वर्षी चार, की 'गुन्हेगारी दुपटीनं वाढली' असा मथळा तयार. मी भाषा शिकवते, गणित नाही, पण माझ्या सातवीच्या मुलांनाही यातली गंमत कळते. आणि मुख्य म्हणजे, जे पोलिसांना कळवलंच गेलं नाही त्याचा ठिपका कुठेच नसतो. म्हणून तर तिथलं सरकार १९८२ पासून घरोघरी जाऊन वेगळी पाहणी करतं : तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा, पोलिसांत गेला असाल किंवा नसाल.

मग इंग्लंडातल्या खेड्यात चोरीला जातं तरी काय? शेतात फिरायच्या चारचाकी मोटारसायकली, ट्रॅक्टरवरची जीपीएस यंत्रं, डिझेल, मेंढ्या, जुन्या चर्चच्या छपरावरचं शिसं. शेतकऱ्यांचा विमा उतरवणारी एनएफयू म्युच्युअल ही कंपनी दरवर्षी हिशेब काढते. २०२३ साली अशा चोऱ्यांपायी ५ कोटी २८ लाख पौंडांचं नुकसान झालं, असा तिचा अंदाज होता. पुढच्या वर्षी तो ४ कोटी ४१ लाखांवर आला. याशिवाय रात्री कुत्री घेऊन शेतात घुसणाऱ्या, सशांच्या मागे कुत्री सोडून त्यावर पैसे लावणाऱ्या टोळ्या आहेत. शेतकऱ्यानं हटकलं तर त्याला मारायला कमी करत नाहीत. २०२२ च्या कायद्यात त्यासाठी तुरुंगाची तरतूद करावी लागली. व्हिडिओतलं कुरण आणि हे कुरण एकच, फक्त व्हिडिओ उजेडी काढलेला असतो.

आणि पोलीस? पूर्वी मोठ्या खेड्यात पोलिसाला राहायला घर असायचं. तो तिथेच राहायचा, सायकलवर फिरायचा. १९६० नंतर गस्त मोटारीतून सुरू झाली, आणि पुढे ती घरं विकली गेली. आज एखाद्या आडगावातून ९९९ फिरवला तर गाडी कित्येक मैलांवरून निघते. नॉरफोकमधल्या एमनेथ हंगेट या वस्तीवर ऑगस्ट १९९९ मध्ये जे झालं त्याला ही पार्श्वभूमी होती. टोनी मार्टिन नावाच्या एकट्या राहणाऱ्या शेतकऱ्यानं रात्री घरात शिरलेल्या दोघांवर बंदूक चालवली. त्यातला फ्रेड बॅरस मेला. तो सोळा वर्षांचा होता आणि गोळी पाठीत लागली होती. मार्टिनला खुनाबद्दल जन्मठेप झाली, २००१ मध्ये अपिलात ती सदोष मनुष्यवधावर आली, २००३ मध्ये तो सुटला. तिथल्या अर्ध्या वृत्तपत्रांनी त्याला नायक केलं. मार्टिनच्या घरी आधीही चोऱ्या झाल्याचं तो सांगत होता, पोलिसांवर त्याचा भरवसा उरला नव्हता, आणि ही तक्रार पोकळ नव्हती. पण सोळा वर्षांच्या मुलाला चोरीची शिक्षा मरण असू शकत नाही. 'पोलीस येत नाहीत म्हणून लोकांनीच न्याय करावा' हे वाक्य आम्ही महाराष्ट्रात खूप ऐकलं आहे. २०२० मध्ये पालघरजवळ गडचिंचले गावात मुलं पळवणारे आल्याच्या अफवेनं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावानं मारले. त्या वाक्याच्या पुढे काय येतं हे आम्हाला इंग्रजांकडून शिकायला नको.

बंदुकीपेक्षा चांगला उपायही खेड्यानंच काढला. १९८२ मध्ये चेशायरमधल्या मॉलिंग्टन गावात शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरावर लक्ष ठेवायची योजना सुरू केली. ब्रिटनमधली ती पहिली, आता ती देशभर आहे. मला ही कल्पना पसंत आहे. आमच्या वाडीत कुणाच्या दारात अनोळखी माणूस उभा राहिला की समोरच्या खाला खिडकीतून विचारतातच, "कोण पायजे?" प्रश्न एवढाच आहे की शेजाऱ्याची नजर अनोळखी कुणाला मानते.

याचं उत्तर शोधायला मी नेहमी ग्रेट वायर्लीपर्यंत मागे जाते. स्टॅफर्डशायरमधलं हे खाणकामगारांचं गाव. तिथे १८७६ पासून चर्चचा पाद्री होता शापुरजी एदलजी. मुंबईचा पारशी, ख्रिस्ती झालेला, इंग्रज बाईशी लग्न केलेला. त्याचा मुलगा जॉर्ज वकील झाला. रेल्वे प्रवाशांसाठी कायद्याचं पुस्तक लिहिलं त्यानं. १८८८ पासून या घराला निनावी घाणेरडी पत्रं येत होती. पोलिसांनी ती थांबवली तर नाहीतच, उलट संशय घरातल्याच माणसांवर घेतला. १९०३ मध्ये गावात रात्री घोडी, गायी, मेंढ्यांची पोटं कुणीतरी चिरू लागलं. गाव घाबरलं, आणि घाबरण्यासारखंच होतं ते. ऑगस्टमध्ये एक तट्टू जखमी सापडलं आणि जॉर्जला अटक झाली. तो रात्री वडिलांच्याच खोलीत झोपत असे, दाराला आतून कुलूप असे, आणि हे खुद्द पाद्र्यानं कोर्टात शपथेवर सांगितलं. जॉर्जची नजर इतकी अधू की अंधारात शेतं, कुंपणं, रेल्वेचे रूळ ओलांडणं त्याला अवघडच. तो कोठडीत असतानाही आणखी एक घोडा चिरला गेला. तरी सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

दहा हजार लोकांनी अर्ज केला. तीन वर्षांनी त्याला कारण न सांगता सोडलं. मग शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल यानं १९०७ मध्ये प्रकरण उचललं. एका हॉटेलात जॉर्ज वर्तमानपत्र नाकाशी धरून वाचताना दिसला आणि त्याच क्षणी डॉयलची खात्री पटली, असं तो सांगे. सरकारनं माफी दिली, भरपाई दिली नाही, आणि पत्रं त्यानंच लिहिली असणार म्हणून ही पाळी त्यानं स्वतःवर ओढवून घेतली, असंही वर सुनावलं. त्याच वर्षी इंग्लंडात फौजदारी अपिलाचं न्यायालय स्थापन झालं. त्यामागे या प्रकरणाचा धक्काही होता.

सत्तावीस वर्षं ज्या पाद्र्यानं गावातली लग्नं लावली, मयतं पुरली, त्याचा मुलगा पहिल्याच संकटात परका ठरला. धर्म बदलला होता, भाषा इंग्रजी होती, आई इंग्रज होती. आणखी काय करायचं राहिलं होतं? 'तुम्ही मिसळत नाही म्हणून संशय येतो' असं आपल्याला रोज ऐकवणाऱ्यांनी जॉर्ज एदलजीचं उदाहरण घेऊन मला उत्तर द्यावं.

कुणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. बरं, मग २०११ घ्या. 'मिडसमर मर्डर्स' ही इंग्लंडातल्या कल्पित खेड्यांवरची मालिका. दर भागात दोन-तीन खून, कधी चीजच्या भल्यामोठ्या चाकाखाली चिरडूनसुद्धा. तिच्या निर्मात्यानं मुलाखतीत सांगितलं की मालिकेत काळे-सावळे लोक नाहीत तेच बरं, इंग्लिशपणाचा हा शेवटचा गड आहे. गदारोळ झाला, वाहिनीनं त्याला काही काळ बाजूला केलं. म्हणजे गावात दर आठवड्याला खून पडले तरी गावाचं गावपण शाबूत, एक तपकिरी शेजारी आला की ते बिघडणार!

२०२२ मध्ये यॉर्कशायरच्या लिंटन-ऑन-ऊझ गावात सरकारनं हवाई दलाच्या जुन्या तळावर दीड हजार आश्रितांना ठेवायचं ठरवलं. सगळे एकटे पुरुष. गावाची वस्ती साधारण सातशे. बायका सभेत उठून बोलल्या की आम्हाला भीती वाटते. मी त्या बायकांना वंशवादी म्हणणार नाही. सातशेच्या गावात दीड हजार परके पुरुष, एखाद-दुसरं दुकान, अपुरी बस, आणि गावाला न विचारता निर्णय, तर मीही उठून बोलले असते. त्या पुरुषांच्याही ते हिताचं नव्हतं. ऑगस्टमध्ये योजना गुंडाळली गेली. पण ती भीती ज्यांनी उचलली आणि देशभर विकली, त्यांना लिंटनच्या बसशी काही कर्तव्य नव्हतं. दोन वर्षांनी साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला तेव्हा मारेकरी मुस्लिम स्थलांतरित असल्याची अफवा उठली आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या मशिदीवर दगड पडले. मारेकरी कार्डिफमध्ये जन्मलेला होता.

इथे आपल्या लोकांनाही एक गोष्ट सुनावते. रॉदरममध्ये १९९७ ते २०१३ या काळात सुमारे चौदाशे मुलींचं लैंगिक शोषण झालं, असा अंदाज २०१४ च्या चौकशी अहवालानं दिला. ज्यांची ओळख पटली त्यांतले बहुतेक पुरुष पाकिस्तानी वंशाचे होते. पोलिसांनी आणि नगरपालिकेनं त्या गरीब मुलींचं ऐकलं नाही. यावर 'हा इस्लामला बदनाम करायचा डाव' म्हणणं म्हणजे त्या मुलींना दुसऱ्यांदा खोटं पाडणं. गुन्हा गुन्हाच आहे. मात्र त्या शहरातल्या गुन्हेगारांचा जबाब डेव्हनच्या खेड्यातल्या डॉक्टराकडे किंवा माझ्या विद्यार्थिनीकडे मागणंही तितकंच खोटं आहे.

आणि ज्या धोक्याचा व्हिडिओ कुणी बनवत नाही तो घरातला. २०१९ मध्ये तिथल्या ग्रामीण गुन्हेविषयक संस्थेनं घरगुती अत्याचारांचा अहवाल काढला. शहरातल्या पीडितेच्या मानानं खेड्यातली बाई तक्रार करण्याची शक्यता निम्मी, आणि अगदी आडगावांत अत्याचार सरासरी पाव पटीनं जास्त काळ चालतो. कारणं वाचताना मला आमच्या तालुक्याचीच आठवण झाली : नवरा सगळ्यांच्या ओळखीचा, डॉक्टर त्याच्या मैफलीतला, गाडीची किल्ली त्याच्याकडे, बस दिवसातून दोनदा. हे गोऱ्या घरांत होतं, गोरे पुरुष करतात, म्हणून त्याला 'बाहेरचे' जबाबदार धरता येत नाहीत. मग तो विषयच निघत नाही.

म्हणून त्या मुलीच्या वडिलांना मी व्हिडिओवरही काही सांगितलं नाही आणि जन्नतवरही नाही. म्हटलं, हे विचारून घ्या. वृद्धाश्रमापासून राहायची खोली किती लांब आहे, आणि मध्ये फुटपाथ आहे का? तिथल्या खेड्यातल्या अरुंद रस्त्यांवर पुष्कळ ठिकाणी दिवे नसतात, आणि गाडीला ताशी साठ मैलांची, म्हणजे आपल्या हिशेबानं सुमारे सत्त्याण्णव किलोमीटरची मुभा असते. ब्रिटनमध्ये रस्त्यावर मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसं ग्रामीण रस्त्यांवर मरतात. रात्रपाळी संपल्यावर बस आहे का? खोलीत मोबाइलला रेंज आहे का? खोलीची मालकी त्याच वृद्धाश्रमाची आहे का, म्हणजे नोकरी गेली की छप्परही जाणार? व्हिसा त्याच मालकाच्या नावावर असतो. त्यानं काढलं तर दुसरा मालक शोधायला साधारण साठ दिवस मिळतात, आणि हे ठाऊक असलेला मालक जास्तीच्या पाळ्या फुकट करून घेऊ शकतो. पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नकोस, हे मात्र मी थेट तिलाच सांगितलं.

ती म्हणाली, "मॅडम, बर्मिंगहॅमलाही हेच विचारायचं ना?" म्हटलं, हो, तिथेही हेच. फक्त तिथे रात्री बस असेल.