दूध काढायचा पंप घेण्याआधी



मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांमधल्या राहू परिसरात बाळ दोन-तीन महिन्यांचे होते न होते तोच आपल्या कितीतरी भगिनी कामाला लागतात. कुणी उसाच्या खुरपणीला, कुणी गुऱ्हाळावर, तर कुणी रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यात. मग घरी बाटली सुरू होते, बाटली नीट उकळली जात नाही, बाळाला जुलाब लागतात आणि इकडे आईचे दूध आटते. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको. म्हणून दूध काढून ठेवायला शिकले पाहिजे.

पहिला पंप म्हणजे आपला हात. हात साबणाने धुवावेत. अंगठा आणि बोटे स्तनाग्राभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला ठेवून आधी छातीकडे दाबावे, मग चिमटीत धरून सोडावे. थोड्या-थोड्या वेळाने बाजू बदलावी. वीस-तीस मिनिटे लागतात, पैसा लागत नाही. दिवसातून एखादे वेळी दूध काढायचे असेल तर एवढे पुरे.

रोज सात-आठ तास बाहेर राहावे लागत असेल तर पंपाचा विचार करावा. भोंग्यासारखा रबरी फुगा असलेला पंप स्वस्त मिळतो, पण तो घेऊ नये. फुग्यात दूध शिरते, आतून तो धुता येत नाही आणि जंतू वाढतात. दांडी दाबून चालणारा हातपंप आपल्याकडे सोयीचा, कारण त्याला वीज लागत नाही. विजेचा पंप जलद चालतो, परंतु आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. घ्यायचाच तर बॅटरीवरही चालणारा घ्यावा.

कोणताही पंप घ्या, तीन गोष्टी पाहा. दुधाचा स्पर्श होणारे सर्व भाग सुटे होऊन धुता-उकळता यावेत. स्तनावर बसणारे नरसाळे आपल्या मापाचे असावे. ओढ कमी-जास्त करता यावी. दुखत असेल तर माप चुकले आहे किंवा ओढ जास्त आहे. दुखणे सोसून दूध वाढत नाही. एकीचा पंप दुसरीने वापरू नये.

काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात सावलीत ठेवावे आणि चार तासांत पाजावे. उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. फ्रीजमध्ये ते एक दिवस खुशाल राहते. दूध गॅसवर तापवू नये. भांडे कोमट पाण्यात धरावे व वाटी-चमच्याने पाजावे. उरलेले टाकून द्यावे. काढलेल्या दुधाला नजर लागते, हा निव्वळ भ्रम आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू झाली, आणि तिथे इतर मातांनी काढून दिलेल्या दुधावर नाजूक बाळे पोसली गेली.

पंप विकत मिळतो, वेळ मात्र मागून घ्यावा लागतो. १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती-लाभ विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने, बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज रोज दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. कारखान्यातील भगिनींनी कामावर रुजू होतानाच ही सुट्टी आणि दूध काढायला आडोशाची स्वच्छ जागा मागावी. एकटीने नव्हे, चौघींनी मिळून मागावी.

शेतात राबणाऱ्या आणि ऊसतोडीच्या भगिनींपर्यंत हा हक्क प्रत्यक्षात अजून पोचलेला नाही. त्यांच्यासाठी मुकादमाशी बोलायला गावातल्या महिला मंडळाने पुढे यावे. आणि घरातल्या पुरुषांनी? पंप उकळून ठेवावा, वाटी-चमच्याने बाळाला पाजावे. ते काम काही बाईचेच नाही.

जय भीम!